पेट्रोलवर चालणारा लॉग स्प्लिटर: निवड, वापर आणि देखभाल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरापुरते सरपण फोडायला यंत्र घ्यायचे ठरले की चर्चा टनांपासून, म्हणजे यंत्राच्या जोरापासून, सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. पण यंत्र किती वर्षे साथ देईल हे टनांवर नाही, पंपावर आणि टाकीतल्या तेलावर ठरते. म्हणून इथे निवडीइतकीच जागा तेलाला आणि बिघाडांना दिली आहे.

किती टनांचे यंत्र पुरेल?

तुमच्याकडे येणारे ओंडके आधी मोजा. सरळ रेषेचे, ३० सेंमीपर्यंत जाडीचे लाकूड १० ते १२ टनांतही सुखाने फुटते. ४५ सेंमीपर्यंतचे कठीण लाकूड नेहमी येत असेल तर १७ ते २२ टनांचे यंत्र घ्यावे. बुंध्याजवळचे ६० सेंमीचे, गाठी आणि दुबेळके असलेले तुकडे हे रोजचे काम असेल तरच २५ टनांच्या पुढे जाण्यात अर्थ आहे.

लाकडाच्या जातीनेही फरक पडतो. ओक बहुतेक वेळा रेषेत सरळ उकलतो. एल्म आणि निलगिरीचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच जाडीला कितीतरी जास्त जोर लागतो. तरीही वर्षातून येणाऱ्या चार-दोन हट्टी बुंध्यांसाठी मोठे यंत्र घेऊ नये. असे बुंधे चेनसॉने रेषेच्या दिशेने अर्धे कापावेत आणि मग स्प्लिटरवर ठेवावेत. मोठे यंत्र जड असते, जास्त पेट्रोल खाते आणि बऱ्याचदा हळू चालते.

जाहिरातीतला टनांचा आकडा खरा आहे का, हे कसे तपासायचे?

गणित सोपे आहे. सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा सेंमीमधला वर्ग करा, त्याला ०.७८५ ने गुणा, म्हणजे दट्ट्याचे क्षेत्रफळ मिळेल. त्याला तेलाच्या दाबाने गुणले की जोर निघतो. ३,००० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंमीला सुमारे २११ किलो. या दाबावर ४ इंची सिलिंडर साधारण १७ टन, साडेचार इंची २१.६ टन आणि ५ इंची २६.७ टन जोर देतो.

हे मेट्रिक टन झाले. अमेरिकन टन ९०७ किलोचा असतो, त्यामुळे तिकडच्या यंत्रावर हेच आकडे सुमारे १९, २४ आणि २९.५ असे दिसतील. ४ इंची सिलिंडरवर ३० टन लिहिलेले दिसले तर कमाल दाब किती आहे ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर तो आकडा धरून चालू नका.

एका फेरीला किती वेळ लागतो? मोठे यंत्र हळू का?

दट्ट्या पुढे जाऊन परत येईपर्यंतचा वेळ म्हणजे एक फेरी. पंप मिनिटाला ११ गॅलन, म्हणजे सुमारे ४२ लिटर तेल देत असेल आणि सिलिंडर ४ इंची, ६१ सेंमी धावेचा असेल, तर पुढे जायला ५ लिटर तेल लागते. म्हणजे ७ सेकंद. परत येताना दट्ट्याच्या दांड्याने आतली जागा व्यापलेली असते, तेल कमी लागते, म्हणून ६ सेकंदांत काम होते. एकूण १३ सेकंद.

त्याच पंपावर ५ इंची सिलिंडर लावला तर फेरी २० सेकंदांवर जाते. टन वाढले, पण पंप तोच राहिला, म्हणून वेग गेला. त्यामुळे खरेदी करताना टन, पंपाची क्षमता आणि फेरीचा वेळ हे तिन्ही आकडे एकत्र पाहा. शिवाय दर वेळी दट्ट्या शेवटपर्यंत मागे न्यायची गरज नसते. ४० सेंमीचे ओंडके फोडताना तो ४५ सेंमीवर थांबवला तरी बराच वेळ वाचतो.

पाचर लाकडाला टेकली की वेग एकदम का कमी होतो?

हा बिघाड नाही. या यंत्रांत दोन टप्प्यांचा गिअर पंप असतो. लाकूड लागेपर्यंत दोन्ही गिअरजोड्या मिळून भरपूर तेल कमी दाबाने ढकलतात. विरोध वाढून दाब साधारण ५०० ते ६५० पीएसआयवर गेला की मोठ्या जोडीचे तेल बाजूला वळते आणि लहान जोडी एकटीच पूर्ण दाब तयार करते. ११ गॅलनचा पंप तेव्हा जेमतेम ३ गॅलन देतो. या सोयीमुळेच सहा-साडेसहा अश्वशक्तीचे लहान इंजिन १७ टनांचा जोर काढू शकते. १६ गॅलनच्या पंपाला मात्र ८ ते १० अश्वशक्ती लागते.

हायड्रॉलिक घ्यावे की फ्लायव्हीलचे?

फ्लायव्हीलच्या यंत्रात जड चाके फिरत राहतात आणि यंत्र चालवायचा दांडा दाबताच दातेरी पट्टी ओंडक्याला झटक्यात पाचरीवर ढकलते. फेरी ३ सेकंदांच्या आसपास होते, हायड्रॉलिक तेलाची कटकट नसते. सरळ, बिनगाठीच्या लाकडासाठी याच्यासारखे यंत्र नाही. पण गाठीत अडकले की मागे घेऊन पुन्हा मारावे लागते आणि प्रत्येक धडक पट्टीच्या दातांवर बसते. हायड्रॉलिक यंत्र सावकाश का होईना, दाबत राहते, आणि हात सोडला की थांबते. घरी मिसळ लाकूड येते, तिथे आमचे मत हायड्रॉलिकच्या बाजूने आहे.

आडवे, उभे की दोन्ही?

ओंडके उचलता येण्याजोगे असतील तर आडवे. कंबरेच्या उंचीची तुळई (ओंडका ज्यावर ठेवतात तो लांब लोखंडी भाग) पाठीला सर्वांत सोयीची. ४० किलोंच्या पुढचे बुंधे येत असतील तर तुळई उभी करता येणारे यंत्र घ्या, म्हणजे बुंधा जमिनीवरूनच लोटत पायाच्या पाटावर नेता येतो. उभे करताना खटका पूर्ण बसला आहे ना, हे हलवून पाहा.

चार पात्यांची पाचर लावावी का?

२० ते ३० सेंमीच्या सरळ ओंडक्यांना जरूर, एका फेरीत चार फाके होतात. गाठीच्या लाकडाला नको. त्याला बराच जास्त जोर लागतो, आणि ओंडका पात्यांत असा रुततो की काढताना निम्मा दिवस जातो. काढता-घालता येणारी सरकपाचर घेतलेली बरी.

जुने यंत्र घेताना काय पाहावे?

इंजिन थंड असताना पोहोचा. गरम इंजिन सुरू करून दाखवणे सोपे असते. मग टाकीचे झाकण उघडून तेल पाहा: स्वच्छ, सोनेरी किंवा तपकिरी चालेल. दुधाळ असेल तर पाणी गेले आहे, जळका वास आणि काळा रंग असेल तर तेल खूप तापले आहे. दट्ट्याचा दांडा पूर्ण बाहेर काढून त्यावर नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर नवे सील घातले तरी ते लवकर फाटेल.

यानंतर तुळईच्या बाजूला उभे राहून ती सरळ आहे ना, हे नजरेने जोखा. पाचरीच्या आणि शेवटच्या पाटाच्या वेल्डिंगला तडे, किंवा तिथे नंतर केलेले वेल्डिंग, दोन्ही वाईट खुणा आहेत. शेवटी दट्ट्या टोकाला नेऊन चालवायचा दांडा दोन-तीन सेकंद दाबून धरा. इंजिनाचा आवाज जड व्हायला हवा. तो बदललाच नाही तर दाब तयार होत नाही.

नवे यंत्र आल्यावर सुरू करण्याआधी काय करायचे?

बरीच यंत्रे तेलाविना येतात, आणि पंप कोरडा फिरला तर पहिल्याच मिनिटात त्याच्या गिअरांवर ओरखडे पडतात. आधी इंजिनात तेल भरा. हायड्रॉलिक टाकी खुणेपर्यंत भरा. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीवर चावी असेल तर ती उघडी आहे का, हे पाहा. ती बंद राहून पंप गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. मग स्पार्क प्लगची टोपी काढून दोरी ८-१० वेळा ओढा, म्हणजे तेल पंपात पोहोचते. टोपी लावून इंजिन सुरू करा आणि ओंडका न ठेवता दट्ट्या १०-१२ वेळा पूर्ण पुढे-मागे न्या. सुरुवातीला तो गचके देईल, कारण सिलिंडरमध्ये हवा असते. हालचाल सलग झाली की इंजिन बंद करा आणि टाकी पुन्हा भरा, कारण सिलिंडर आणि नळ्यांनी चांगलेच तेल घेतलेले असते.

कोणते हायड्रॉलिक तेल घालावे?

पुस्तिकेत लिहिलेले. साधारणपणे झीजरोधक एडब्ल्यू ३२ किंवा एडब्ल्यू ४६ सांगितलेले असते: थंडीत काम असेल तर ३२, उष्ण हवेत ४६. काही उत्पादक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल सांगतात, तेही चालते, पण दोन प्रकार मिसळू नका. इंजिन ऑइल इथे कधीच नाही.

तेलाची पातळी नेहमी दट्ट्या पूर्ण मागे असताना आणि यंत्र सपाटीवर असताना पाहा. दट्ट्या बाहेर असताना पातळी खाली दिसते, आणि तेव्हा खुणेपर्यंत भरलेले तेल दट्ट्या मागे येताच झाकणातून बाहेर उसळते.

तेल आणि फिल्टर कधी बदलावेत?

नव्या यंत्राचा फिल्टर पहिल्या २५ ते ५० तासांत बदला. पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर घडवतानाचे बारीक लोखंडी कण याच काळात सुटतात, आणि ते फिरत राहिले तर सगळ्यालाच घासतात. त्यानंतर दर १०० तासांनी किंवा हंगामाला एकदा फिल्टर, आणि १०० ते १५० तासांनी तेल. पुस्तिकेत याहून कमी तास असतील तर ते पाळा. इंजिनाला तासमापक लावून घ्या. अंदाजाने धरलेले तास नेहमी कमीच भरतात.

तेल थोडे कोमट असताना काढावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर वाहून येतो. दट्ट्या मागे, इंजिन बंद, दाब उतरवण्यासाठी दांडा दोन्हीकडे हलवून घेतलेला, आणि मग टाकीचा बूच उघडायचा. टाकीतली जाळीची गाळणी काढून डिझेलने धुवा, हवेने वाळवा. टाकीचा तळ बिनधाग्याच्या कापडाने पुसा. चिंध्यांचे सूत आत राहिले तर ते थेट गाळणीवर जाऊन बसते. नवीन फिल्टरच्या रबराला तेल लावून तो हाताने आवळा, पान्याने नव्हे. घरगुती यंत्रात साधारण १५ ते २५ लिटर तेल बसते. भरताना झाकणाभोवतीचा भुसा आधी पुसून घ्या. काढलेले तेल जमिनीवर किंवा गटारात ओतू नका, वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या.

इंजिनाची देखभाल काय?

या यंत्रांवर बहुधा २०० सीसीच्या आसपासचे चार स्ट्रोक इंजिन असते आणि त्यात साधारण ०.६ लिटर तेल बसते. एवढ्या थोड्या तेलावर चालणाऱ्या इंजिनात १०० मिली कमी असणेही गंभीर आहे. म्हणून दर वेळी सुरू करण्याआधी पातळी पाहा. १०डब्ल्यू-३० बहुतेक हवामानात चालते. पहिला बदल ५ ते २० तासांत, पुढे दर ५० ते १०० तासांनी.

एअर फिल्टर हा स्प्लिटरवर सर्वांत आधी तुंबतो, कारण साल आणि भुसा सतत उडत असतो. फोमचा थर साबणाच्या पाण्यात धुवून, वाळवून, तेलाचा हलका हात द्या. कागदी फिल्टर नुसता आपटून झटका, धुवू नका. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. सायलेन्सर आणि थंडाव्याच्या पात्यांमध्ये अडकलेला पाला रोज काढा. त्यानेच आग लागते.

पेट्रोल कसे वापरावे?

ताजे, आणि इथेनॉल १० टक्क्यांहून जास्त नसलेले. महिन्याभरात वापरले जाणार नसेल तर भरतानाच स्टॅबिलायझर घाला. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या सर्वांत बारीक छिद्रात बसतो. मग इंजिन फक्त चोकवर चालते, किंवा भार नसताना आवाज वर-खाली करत राहते. इंजिन गार झाल्यावरच पेट्रोल भरा.

ओंडका ठेवताना आणि फोडताना कोणते नियम मोडू नयेत?

एकच माणूस ओंडका ठेवेल आणि तोच दांडा चालवेल. हा नियम सगळ्यांत वर आहे. एकाचा हात ओंडक्यावर आणि दुसऱ्याचा दांड्यावर असला की बोटे जातात, कारण दोघांचे लक्ष एकाच क्षणी एकाच जागी नसते. मदतनिसाने ओंडके आणून द्यावेत, फाके उचलावेत, पण यंत्रापासून तीन मीटर तरी लांब राहून.

ओंडक्याची दोन्ही टोके काटकोनात कापलेली हवीत. तिरके टोक पाटावरून घसरते आणि दाबाखाली ओंडका उसळतो. रेषेच्या आडवे कधीच फोडू नका: लाकूड उकलत नाही, ते स्फोटासारखे फुटते. ओंडका बाजूने धरावा, टोकांना हात लावू नये. अर्धवट उकललेल्या भेगेत बोट घालू नये, कारण पाचर मागे सरताच ती मिटते. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण, पायात लोखंडी टोपीचे बूट, अंगात सैल बाह्या नकोत. यंत्र सपाट जागी, चाकांना दगड लावून, आणि उघड्यावरच चालवा. दार उघडे असलेल्या शेडमध्येही कार्बन मोनॉक्साइड जीवघेण्या प्रमाणात साठतो.

ओंडका पाचरीत रुतून बसला तर?

दट्ट्या मागे घ्या. पाचर दट्ट्याबरोबर सरकणारी असेल तर अडकपट्टी ओंडक्याला सोडवते. नाही सुटला तर इंजिन बंद करून हातोडा आणि लाकडी पाचर वापरा. किंवा मागे घेऊन, रुतलेल्या ओंडक्याच्या आणि पाटाच्या मधे एक आखूड तुकडा ठेवून पुढे रेटा, म्हणजे जास्त धाव मिळते. चालू यंत्रावर लाथ मारणे, हाताने ओढणे पूर्ण वर्ज्य.

दट्ट्या हलतो, पण लाकूड फुटत नाही. काय बिघडले?

वर सांगितलेली चाचणी करा: दट्ट्या टोकाला, दांडा दोन-तीन सेकंद दाबलेला. इंजिनावर भारच आला नाही तर तेल कुठूनतरी परत जात आहे. सर्वांत स्वस्त कारण आधी तपासा: टाकीत तेल कमी आहे का? मग दाबमर्यादा व्हॉल्व्ह. त्याच्या बैठकीवर एखादा कण अडकला तर तो उघडाच राहतो, काढून साफ केला की काम होते. तरीही नाही, तर दट्ट्याचे सील पाहा. दट्ट्या पूर्ण बाहेर ठेवून, दाब उतरवून, सिलिंडरच्या ज्या टोकातून दट्ट्याचा दांडा बाहेर येतो तिथली नळी सोडा. नळी आणि तोंड दोन्ही बादलीत तोंड करून बांधा, आणि लांब उभे राहून चालवायचा दांडा अगदी थोडा वेळ पुढच्या दिशेने दाबा. तोंडातून तेल वाहत राहिले तर सील गेले. दांडा मागच्या दिशेने चुकूनही नेऊ नका, तेल फवाऱ्यासारखे उडेल. सील शाबूत असेल तर पंप झिजला असे समजा.

दाबमर्यादेचा स्क्रू आवळून जोर वाढवायला जाऊ नका. नळ्या, सिलिंडर आणि वेल्डिंग त्या दाबासाठी बनलेले नसतात.

लाकूड लागताच इंजिन बंद पडते. का?

एक तर इंजिनाचे फेरे कमी आहेत. पंपाचे हिशेब मिनिटाला सुमारे ३,६०० फेऱ्यांवर केलेले असतात, म्हणून थ्रॉटल पूर्ण उघडा. तुंबलेला एअर फिल्टर, शिळे पेट्रोल, झिजलेला प्लग हेही तपासा. इंजिन तंदुरुस्त असूनही बंद पडत असेल तर पंपाचा टप्पा बदलणारा व्हॉल्व्ह अडकला आहे: मोठी गिअरजोडी सुटत नाही आणि इंजिनाला दोन्ही जोड्या पूर्ण दाबावर ओढाव्या लागतात.

पंप किंचाळतो आणि टाकीत फेस दिसतो.

ताबडतोब थांबवा. पंपाला पुरेसे तेल मिळत नाही, किंवा तो तेलाबरोबर हवा ओढतो. पातळी, तुंबलेली गाळणी, भेगाळलेली किंवा आतून पिचकलेली सक्शन नळी (टाकीतून पंपाकडे येणारी), सैल क्लॅम्प, या क्रमाने पाहा. या नळीत दाब नसतो, त्यामुळे फट असली तरी तेल बाहेर टपकेलच असे नाही, पण हवा मात्र आत जाते. कडक थंडीत दाट झालेल्या तेलानेही हाच आवाज येतो. तेव्हा दांडा मधोमध ठेवून यंत्र पाच-दहा मिनिटे मोकळे चालू द्या.

इंजिन चालू, पण दट्ट्या अजिबात हलत नाही आणि खडखड आवाज येतो, तर इंजिन आणि पंप जोडणारा कपलर पाहा. त्याच्यातला रबरी तारा (चांदणीच्या आकाराचा तुकडा) झिजलेला, किंवा शाफ्टची चावी (खाचेत बसणारा लहान लोखंडी तुकडा) कापली गेलेली सापडेल.

तेल गळते, पण कुठून ते कळत नाही.

हाताने चाचपू नका. ३,००० पीएसआयवर सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून सुटलेली धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतले मांस मरू लागते. असे झाले तर तासाभराचीही वाट न पाहता इस्पितळ गाठा आणि हायड्रॉलिक तेल आत गेले आहे हे डॉक्टरांना सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळ फिरवा. नवी नळी घेताना लांबी आणि जाडीबरोबर कामाचा दाबही जुळवा. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात.

दांडा आपोआप मधे येत नाही, किंवा फार लवकर येतो.

परतीच्या खटक्याचा दाब बदलला आहे. व्हॉल्व्हच्या टोकावरच्या टोपीखाली स्क्रू असतो. पाव फेरा फिरवा, पाहा, मग पुढचा पाव. थंड तेलावर तो लवकर सुटतो, म्हणून जुळवणी यंत्र गरम झाल्यावरच करा.

पाचरीला धार लावावी का?

वस्तऱ्यासारखी नको, ती दुमडते. कडा गोल झाली किंवा खिंडी पडल्या की कानशीने मूळ उतार साधून घ्या. तुळईवर मात्र दर दिवशी ग्रीसचा पातळ हात द्या आणि सरकपट्ट्यांचे बोल्ट तपासा. ते सैल झाले की दट्ट्या तिरका रेटतो आणि सिलिंडरचे सील एका बाजूने झिजते.

यंत्र काही महिने उभे ठेवायचे असेल तर?

पेट्रोल काढून टाका आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. इंजिनाचे तेल बदला. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, दोरी सावकाश दोन वेळा ओढा, प्लग बसवा. दट्ट्या पूर्ण मागे ठेवा: चकचकीत दांडा आत, तेलात राहिला तर गंजत नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका, सीलमधून आणि टाकीच्या श्वासझाकणातून पाणी आत जाते. झाकताना खालून हवा खेळेल असे झाका.

सुटे भाग काय जवळ ठेवावेत?

स्पार्क प्लग, एअर फिल्टर, हायड्रॉलिक फिल्टर, कपलरचा रबरी तारा, शाफ्टची चावी, दाबाची एक नळी आणि ५ लिटर हायड्रॉलिक तेल. रबरी तारा आणि चावी घेताना पंपाच्या शाफ्टचा व्यास मोजून न्या, इंजिनाचा आणि पंपाचा शाफ्ट बहुधा वेगवेगळ्या जाडीचा असतो.